रिकाम्या छिद्रांनी प्रकाश कसा अडतो? फोटॉनिक क्रिस्टल समजून घेताना

सिलिकॉन १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला पारदर्शक असतं. डोळ्यांना ते राखाडी आणि अपारदर्शक दिसतं, पण हा प्रकाश अवरक्त आहे. फायबरच्या तारांतून इंटरनेट वाहून नेतो तोच. हवा तर पारदर्शक आहेच. आता सिलिकॉनचा २२० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा घ्या आणि त्यात एकमेकांपासून ४२० नॅनोमीटरवर, साधारण २४० नॅनोमीटर व्यासाची गोल छिद्रं त्रिकोणी मांडणीत पाडा. या पापुद्र्यात कडेने आडवा शिरणारा तोच प्रकाश आता काही ओळींतच थांबतो आणि उलट फिरतो. तो शोषला जात नाही, त्याची उष्णता होत नाही. तो परत पाठवला जातो. पदार्थात नवीन काहीच घातलेलं नाही. उलट असलेलं थोडं काढून टाकलं आहे.

अशा रचनेला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. तिच्यात अपवर्तनांक ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बदलतो आणि हे अंतर पदार्थातल्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास असतं. निर्वातातल्या प्रकाशाच्या वेगाला पदार्थातल्या वेगाने भागलं की अपवर्तनांक मिळतो. हवेचा जवळजवळ १, सिलिका काचेचा १.४५, टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराचा सुमारे २.४ आणि १५५० नॅनोमीटरला सिलिकॉनचा ३.४८. फोटॉनिक क्रिस्टलमध्ये हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण प्रकाश कुठे अडेल आणि कुठे जाईल हे शेवटी अंतरं ठरवतात. पदार्थ तोच ठेवून नुसती मापं बदलली तरी रंग बदलतो, वाट बदलते, वेगही बदलतो.

अडवणूक होते कशी

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना त्याचा थोडा भाग परततो. काचेच्या एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के. एवढ्याशा परावर्तनाने काही अडत नाही. पण असे पृष्ठभाग एकामागोमाग अनेक असतील आणि त्यांच्यातलं अंतर असं निवडलं असेल की परतणाऱ्या सगळ्या लाटांचे उंचवटे एकमेकांवर बसावेत, तर या किरकोळ परावर्तनांची बेरीज होत जाते. पुढे जाणाऱ्या लाटेकडे दर ओळीगणिक कमी ऊर्जा उरते आणि काही ओळींनंतर जवळपास काहीच उरत नाही.

हे चित्र बरोबर आहे, पण अपुरं. त्यातून एकच तरंगलांबी अडायला हवी असं वाटतं; प्रत्यक्षात तरंगलांबींचा एक आख्खा पट्टा अडतो. तो का, हे समजलं की विषयाचा गाभा हाती येतो.

पुढे जाणारी आणि परतणारी लाट एकत्र आली की स्थिर लाट तयार होते, म्हणजे उंचवटे जागच्या जागी वरखाली होतात. थरांच्या सममितीमुळे या उंचवट्यांना बसायला दोनच जागा उरतात: एक तर जास्त अपवर्तनांकाच्या थरात, नाहीतर कमी अपवर्तनांकाच्या थरात. दोन्ही लाटांची लांबी एकच, कारण ती थरांच्या अंतराने ठरवून दिलेली आहे. मात्र जिची ऊर्जा जास्त अपवर्तनांकाच्या थरात साठते तिची वारंवारता कमी असते आणि दुसरीची जास्त. या दोन वारंवारतांच्या मधे कोणतीही लाट या रचनेत वाहू शकत नाही. हाच बँडगॅप, म्हणजे निषिद्ध पट्टा. त्यातला प्रकाश आत शिरला तरी झपाट्याने विरत जातो. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत फरक जितका मोठा तितक्या या दोन वारंवारता दूर, आणि पट्टा तितका रुंद.

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांचं हेच होतं. तिथे अणूंची नियमित मांडणी इलेक्ट्रॉनच्या लाटेला काही ऊर्जा नाकारते. इथे अणूंची जागा छिद्रांनी किंवा थरांनी घेतली आहे आणि इलेक्ट्रॉनची जागा प्रकाशाने.

सर्वांत साधा नमुना: थरांचा आरसा

एकाच दिशेने बदलणारी रचना म्हणजे दोन पदार्थांचे आळीपाळीने दिलेले थर. लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्येच अशा थरांचं गणित मांडलं होतं. नियम असा की प्रत्येक थराची जाडी त्या थरातल्या तरंगलांबीच्या पाव भाग असावी, म्हणजे हवेतली तरंगलांबी भागिले अपवर्तनांकाची चौपट. ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशासाठी टायटॅनियम डायऑक्साइडचा थर ६२.५ नॅनोमीटर आणि सिलिकाचा सुमारे १०३ नॅनोमीटर येतो. पाव भागच का? थरातून जाऊन परत यायला अर्धी तरंगलांबी खर्च होते. शिवाय कमी अपवर्तनांकाकडून जास्तीकडे जाताना परावर्तित लाट उलटी होते, म्हणजे तिच्यात आणखी अर्ध्याचा फरक पडतो. उलट दिशेला तो पडत नाही. दोन्हींचा हिशेब जुळून सगळी परावर्तनं एका तालात येतात.

काचेवर अशा ३ जोड्या दिल्या तर ६०० नॅनोमीटरला सुमारे ८८ टक्के प्रकाश परततो, ५ जोड्यांनी ९८ टक्के आणि १० जोड्यांनी ९९.९९ टक्क्यांच्या आसपास. चांदीचा उत्तम आरसाही दृश्य प्रकाशात दोनेक टक्के ऊर्जा गिळतो. या पदार्थांना निषिद्ध पट्टा मधल्या वारंवारतेच्या सुमारे ३२ टक्के रुंद मिळतो, म्हणजे साधारण ५१८ ते ७१३ नॅनोमीटर. पट्ट्याची रुंदी जोड्या वाढवून वाढत नाही. जोड्यांनी परावर्तन वाढतं आणि पट्ट्याच्या कडा तीव्र होतात. रुंदी अपवर्तनांकांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. नवख्यांची इथे हमखास गल्लत होते.

मोबाइलच्या चेहरा ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये जे पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश सोडणारे लेसर असतात, त्यांचे दोन्ही आरसे असेच असतात. मात्र गॅलियम आर्सेनाइड आणि त्याच्या ॲल्युमिनियमयुक्त भावंडाच्या अपवर्तनांकांत फरक थोडा असल्याने तिथे वीस-तीस जोड्या लागतात.

या आरशाची मर्यादा तिरप्या प्रकाशात दिसते. कोन वाढला की पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो. वरच्या उदाहरणात ४५ अंशांवर पट्ट्याचं केंद्र ६०० वरून सुमारे ५५० नॅनोमीटरवर येतं. कारण तिरप्या लाटेचा थरांना लंब असलेला घटकच थरांचं अंतर मोजतो, आणि तो घटक कमी झालेला असतो. थरांना समांतर जाणाऱ्या प्रकाशाला तर काही अडवतच नाही. सगळ्या बाजूंनी प्रकाश अडवायचा असेल तर अपवर्तनांक तिन्ही दिशांनी बदलायला हवा.

१९८७: दोन लेख

हाच प्रश्न १९८७ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे मांडला. एली याब्लोनोविच यांना अणूला प्रकाश सोडण्यापासून रोखायचं होतं. उत्तेजित अणू प्रकाश सोडतो तो आजूबाजूला त्या वारंवारतेच्या लाटेला जागा असते म्हणून. सगळ्या दिशांनी निषिद्ध असलेल्या रचनेत तो अणू ठेवला तर त्याने प्रकाश सोडायचा कुठे? सजीव जॉन यांचा प्रश्न वेगळा होता: नियमित रचनेत थोडी अव्यवस्था आणली तर प्रकाश एका जागी कोंडून राहील का? दोघांचं उत्तर एकाच रचनेकडे बोट दाखवत होतं.

रचना सापडायला मात्र वेळ लागला. गोल एकमेकांना टेकवून रचले, म्हणजे ढिगात फळं रचतात तशी मांडणी केली, तर सगळीकडून बंद पट्टा मिळत नाही. काही दिशांना फट राहतेच. १९९० मध्ये हो, चॅन आणि सूकूलिस या तीन संशोधकांनी गणिताने दाखवलं की गोल हिऱ्यातल्या कार्बनच्या अणूंसारखे मांडले तर पूर्ण पट्टा उघडतो. १९९१ मध्ये याब्लोनोविच यांच्या गटाने ती रचना ड्रिलने बनवली. ३.६ अपवर्तनांकाच्या ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठावर त्रिकोणी मांडणीत खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेतून लंबापासून सुमारे ३५ अंश कललेली, एकमेकींपासून १२० अंशांवर तीन छिद्रं पाडायची. सुमारे ७८ टक्के पदार्थ निघून गेला आणि मधल्या वारंवारतेच्या १९ टक्के रुंदीचा पट्टा मिळाला.

ही छिद्रं मिलिमीटरांच्या मापाची होती आणि अडवले गेले ते सूक्ष्मतरंग, म्हणजे मायक्रोवेव्ह. तरीही तो पुरावा प्रकाशालाही लागू पडतो, कारण मॅक्सवेलच्या समीकरणांत स्वतःचं असं कोणतंही माप दडलेलं नाही. रचना दहा हजारपट लहान करा, तरंगलांबीही दहा हजारपट लहान होते. अपवर्तनांक तोच राहिला तर बाकी काही बदलत नाही. म्हणून या क्षेत्रातले लोक वारंवारता हर्ट्झमध्ये न सांगता ‘छिद्रांचं अंतर भागिले तरंगलांबी’ अशी सांगतात. आपल्या सुरुवातीच्या पापुद्र्यासाठी हा आकडा ४२० भागिले १५५०, म्हणजे ०.२७. हाच नियम कारखान्यात डोकेदुखी ठरतो: सगळी मापं १ टक्क्याने चुकली तर पट्टाही १ टक्क्याने, म्हणजे साडेपंधरा नॅनोमीटरने सरकतो.

ओपल: रंगद्रव्याशिवाय रंग

सिलिकाचे एकसारखे गोल खच्चून रचले गेले की ओपल बनतो. १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नैसर्गिक ओपलमधली ही रचना दिसली आणि त्याच्या रंगांचं कारण कळलं. अपवर्तनांकातला फरक कमी असल्याने इथे पूर्ण निषिद्ध पट्टा नाही, फक्त ठरावीक दिशांना अपुरा पट्टा आहे. डोळ्यांना रंग दिसायला तेवढा पुरतो.

कोणता रंग दिसेल हे कागदावर काढता येतं. गोलांच्या थरांमधलं अंतर व्यासाच्या ०.८१६ पट असतं. गोल ७४ टक्के जागा व्यापतात, उरलेली २६ टक्के हवा. दोन्हींच्या अपवर्तनांकांच्या वर्गांची त्या प्रमाणात सरासरी घेऊन वर्गमूळ काढलं की सिलिकाच्या ओपलसाठी १.३५ येतं. समोरून पाहताना परावर्तित तरंगलांबी म्हणजे थरांचं अंतर गुणिले हा आकडा गुणिले २, म्हणजे व्यासाच्या साधारण २.२ पट. २०० नॅनोमीटरचे गोल ४४० नॅनोमीटरचा निळा देतील, २५० चे ५५० नॅनोमीटरचा हिरवा, २९० चे ६३८ नॅनोमीटरचा लाल. तिरकं पाहिलं की सरासरीच्या वर्गातून कोनाच्या साइनचा वर्ग वजा करायचा आणि मग वर्गमूळ घ्यायचं. ४५ अंशांवर तोच हिरवा ४६८ नॅनोमीटरचा निळा होतो. फटींत पाणी भरलं तर २५० नॅनोमीटरच्या गोलांचा रंग ५५० वरून ५८० नॅनोमीटरच्या जवळ सरकतो आणि फिका पडतो, कारण पाणी आणि सिलिका यांच्या अपवर्तनांकांत फरक फार थोडा उरतो. हवेतली वाफ किंवा द्रव रंगावरून ओळखणारे सेन्सर याच सरकण्यावर चालतात.

प्रयोगशाळेत ओपल बनवणं तत्त्वतः सोपं आहे. पॉलिस्टायरीनचे किंवा सिलिकाचे गोल पाण्यात अथवा इथेनॉलमध्ये मिसळतात, आकारमानाच्या १ टक्क्याहून कमी प्रमाणात. काचपट्टी इतकी स्वच्छ हवी की पाणी तिच्यावर थेंब न धरता सपाट पसरावं. त्यासाठी ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित झालेला वायू, वापरतात. पट्टी त्या मिश्रणात उभी ठेवून ४० ते ६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये एक-दोन दिवस हलू न देता ठेवायची. द्रवाची पातळी उतरताना पट्टीच्या कडेशी बाष्पीभवन सर्वांत वेगाने होतं, त्या ओढीने गोल तिथे वाहत येतात आणि थर लावत जातात.

बिघडतं ते बहुधा चार ठिकाणी. गोलांच्या व्यासात ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर स्फटिक जमतच नाही, नुसता दुधी थर मिळतो. विकत घेताना किंवा बनवताना पहिल्यांदा हा आकडा पाहावा. सिलिकाचे गोल ४०० नॅनोमीटरहून मोठे झाले की द्रवाची कड त्यांच्यापर्यंत उतरायच्या आत तळाशी बसतात. मग द्रव हलका ढवळत किंवा बाष्पीभवन वाढवत काम करावं लागतं. ओव्हन हादरला किंवा पंखा चालू-बंद झाला की द्रवाची कड अडकत-सुटत उतरते आणि आडवे पट्टे उमटतात. आणि सुकताना गोल किंचित आकसल्याने भेगा पडतात. या भेगा पूर्णपणे टाळणं आजही अवघड आहे. थर टिकाऊ करायचा तर पॉलिस्टायरीनला १०० अंशांच्या किंचित खाली थोडा वेळ तापवतात, म्हणजे गोल एकमेकांना टेकतात तिथे चिकटतात. थोडं जास्त तापलं की सगळं वितळून पारदर्शक थर उरतो आणि रंग जातो. रंग फिकट, पांढुरका दिसत असेल तर मिश्रणात अगदी अल्प काजळी घालतात. दोषांवरून विखुरलेला पांढरा प्रकाश ती शोषते आणि मूळ रंग उठून दिसतो.

सजीवांमध्ये ही युक्ती फार जुनी आहे. मोराच्या पिसात मेलॅनिनच्या कांड्यांची द्विमित जाळी असते. २००३ मध्ये मोजलेल्या अंतरांनुसार निळ्या भागात ती सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५० आणि पिवळ्यात १६५. पदार्थ तोच, दहा-पंधरा नॅनोमीटरच्या फरकाने रंग वेगळा. सरड्याच्या जातीतला पँथर शॅमेलिअन तर हे अंतर जिवंतपणी बदलतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या त्वचेतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांची जाळी उत्तेजित झाल्यावर सैल होते आणि परावर्तन निळ्याकडून पिवळ्या-लालकडे सरकतं.

छिद्रं वगळण्याची कला

निषिद्ध पट्टा स्वतः फक्त नकार देतो. उपयोग सुरू होतो तो नियम जाणूनबुजून मोडला की. जाळीतली छिद्रांची एक आख्खी ओळ पाडलीच नाही, तर त्या ओळीत निषिद्ध वारंवारतेचा प्रकाश राहू शकतो, पण दोन्ही बाजूंच्या जाळीत शिरू शकत नाही. ही झाली प्रकाशाची वाट, आणि ती अगदी अरुंद जागेत ६० अंशांचं वळण घेऊ शकते. सलग तीन छिद्रं वगळली तर पोकळी मिळते, जिच्यात प्रकाश कोंडला जातो.

पापुद्र्याची अडचण अशी की जाळी फक्त आडव्या दिशेने अडवते. वर-खाली हवा आहे आणि तिथे प्रकाशाला धरून ठेवतं ते साधं पूर्ण आंतरिक परावर्तन. पुरेसा तिरपा प्रकाश आत राहतो. जास्त उभा असेल तो निसटतो. म्हणून पोकळी छोटी केली की गळती वाढते, कारण छोट्या जागेत कोंडलेल्या लाटेत सगळ्या कोनांचे घटक मिसळलेले असतात.

यावर २००३ मध्ये क्योटो विद्यापीठात सुसुमू नोदा यांच्या गटाने काढलेला उपाय या क्षेत्रातला मला सर्वांत सुंदर वाटणारा विचार आहे. पोकळीच्या टोकाला लाट भिंतीवर आदळल्यासारखी एकदम तुटते, आणि उभे घटक येतात ते याच तुटण्यातून. मग भिंतच थोडी मऊ केली तर? तीन छिद्रं वगळलेल्या पोकळीच्या दोन्ही टोकांची एकेक छिद्रं त्यांनी जाळीच्या अंतराच्या ०.१५ पट, म्हणजे ६३ नॅनोमीटर बाहेर सरकवली. पोकळीचा गुणवत्ता घटक ४५,००० वर गेला. गुणवत्ता घटक म्हणजे प्रकाश किती कंपनांपर्यंत टिकतो याचं माप. ४५,००० म्हणजे सुमारे ३७ पिकोसेकंद. २००५ मध्ये त्याच गटाने ओळीच्या मधल्या भागात छिद्रांचं अंतर ४१० ऐवजी ४२० नॅनोमीटर करून ६,००,००० गाठले, आणि २०१७ मध्ये १.१ कोटी. १.१ कोटी म्हणजे प्रकाश ९ नॅनोसेकंद एका घन मायक्रोमीटरहूनही कमी जागेत राहतो. मोकळा असता तर तेवढ्यात २.७ मीटर गेला असता.

हे बनवतात असं: सिलिकॉनच्या तबकडीवर २ ते ३ मायक्रोमीटर ऑक्साइड आणि त्यावर २२० नॅनोमीटर सिलिकॉन असलेली तयार वेफर घ्यायची. तिच्यावर इलेक्ट्रॉन-संवेदी पॉलिमरचा ३०० ते ४०० नॅनोमीटरचा थर फिरवून पसरवायचा, इलेक्ट्रॉन शलाकेने छिद्रांचे नकाशे लिहायचे आणि पॉलिमर धुऊन उघडायचा. मग सल्फर हेक्साफ्लुओराइडसारख्या वायूच्या प्लाझ्माने सिलिकॉन कोरायचं. उरलेला पॉलिमर काढून हायड्रोफ्लोरिक आम्लाने छिद्रांखालचा ऑक्साइड विरघळवायचा, म्हणजे पापुद्रा हवेत अधांतरी राहतो. हे आम्ल त्वचेतून हाडांपर्यंत जातं. प्रशिक्षण, योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम हाताशी असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

चुका कुठे होतात? इलेक्ट्रॉन सिलिकॉनवर आपटून मागे विखुरतात आणि काही दहा मायक्रोमीटर परिसरातल्या पॉलिमरवरही परिणाम करतात. त्यामुळे जाळीच्या मधली छिद्रं कडेच्या छिद्रांपेक्षा मोठी होतात. नकाशात इलेक्ट्रॉनांची मात्रा आधीच दुरुस्त करून घ्यावी लागते. छिद्रांच्या भिंती लंब न राहता कलल्या तर आडवं आणि उभं ध्रुवीकरण (म्हणजे प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राची दिशा) एकमेकांत मिसळतं. त्रिकोणी मांडणीच्या छिद्रांचा निषिद्ध पट्टा फक्त आडव्या विद्युत क्षेत्राच्या प्रकाशासाठी आहे, त्यामुळे मिसळलेला भाग सरळ निसटून जातो. सूक्ष्मदर्शकात वरून पाहिलं तर सगळं उत्तम दिसतं आणि तरी पोकळी गळते, तेव्हा आधी काप घेऊन भिंतीचा कोन तपासावा. शेवटची चूक सर्वांत जिवाला लागणारी: आम्लानंतर पाण्याने धुऊन तसंच सुकवलं तर पाण्याचा पृष्ठताण पापुद्रा खाली ओढतो आणि तो तळाला चिकटतो. म्हणून पाण्याच्या जागी अल्कोहोल आणि मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून, द्रव-वायूचा भेद संपतो अशा दाब-तापमानावर ते सुकवतात.

सगळं नीट झालं तरी तापमान उरतंच. सिलिकॉनचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००१८ ने वाढतो, त्यामुळे पोकळीची तरंगलांबी अंशाला ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकते. गुणवत्ता घटक १० लाख असलेल्या पोकळीच्या रेषेची रुंदी मात्र अवघी ०.००१५५ नॅनोमीटर असते. अंशाचा पन्नासावा भाग इकडेतिकडे झाला तरी लेसर आणि पोकळी यांची गाठ चुकते. मोजताना लेसरची शक्ती वाढवली की पोकळी स्वतःच तापते आणि तिची रेषा लाल बाजूला कलंडलेली, एका बाजूने उभ्या कड्यासारखी दिसते. ते नवं भौतिकशास्त्र समजू नये. शक्ती दहापट कमी करून पुन्हा मोजावं.

ओळ वगळून बनवलेल्या वाटेचा आणखी एक गुण आहे. पट्ट्याच्या कडेजवळच्या वारंवारतेला प्रकाशाचं स्पंद फार हळू सरकतं, कारण तिथे पुढची आणि परतणारी लाट जवळजवळ समसमान असते. २००१ मध्ये जपानमध्ये प्रकाशाच्या वेगाच्या नव्वदाव्या भागापर्यंतचा वेग मोजला गेला. किंमतही मोजावी लागते: भिंतीच्या खडबडीतपणामुळे मागे परतणारा प्रकाश मंदपणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहापट मंद केलं की तो नुकसानीचा भाग साधारण शंभरपट. म्हणून हळू प्रकाशाच्या वाटा मिलिमीटरच्या आतच ठेवतात.

काचेच्या धाग्यात छिद्रं

फिलिप रसेल यांनी ही कल्पना धाग्यात आणली. पहिला असा फायबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या सिलिकाच्या पोकळ नळ्या षट्कोनी रचतात, मधे एक भरीव कांडी ठेवतात, सगळं एका मोठ्या नळीत घालून जवळपास २००० अंश सेल्सिअसला दोन टप्प्यांत ओढतात आणि शेवटी १२५ मायक्रोमीटरचा धागा निघतो. रचना तशीच राहते, फक्त बारीक होते. ओढताना वितळलेल्या काचेचा पृष्ठताण छिद्रं बुजवू पाहतो, म्हणून आतल्या वायूचा दाब काटेकोर राखावा लागतो. कमी झाला तर छिद्रं मिटतात, जास्त झाला तर फुगून भिंती फाटतात.

भरीव गाभ्याच्या या धाग्यात बँडगॅपचं काम नसतं; ते असतं असं बऱ्याच ठिकाणी चुकीचं लिहिलेलं आढळतं. तिथे छिद्रांमुळे बाहेरच्या भागाचा सरासरी अपवर्तनांक कमी होतो आणि प्रकाश साध्या आंतरिक परावर्तनाने आत राहतो. छिद्राचा व्यास अंतराच्या ०.४ पटीहून लहान ठेवला तर हा धागा कोणत्याही तरंगलांबीला प्रकाशाचा एकच आकृतिबंध (मोड) वाहून नेतो. साध्या फायबरला ते जमत नाही.

खरा बँडगॅप लागतो तो पोकळ गाभ्याच्या धाग्यात, जो १९९९ मध्ये दाखवला गेला. मधल्या ७ किंवा १९ नळ्या काढून टाकल्या की प्रकाश हवेतून जातो. काचेतून एक किलोमीटर जायला ४.९ मायक्रोसेकंद लागतात, हवेतून ३.३४, हजार किलोमीटरला दीड मिलिसेकंद वाचतो. या प्रकारात नुकसान किलोमीटरला सुमारे १ डेसिबलच्या खाली नेणं अवघड ठरलं, कारण काच थिजताना तिच्या पृष्ठावरच्या अतिसूक्ष्म लाटा तशाच गोठतात आणि प्रकाश विखुरतात. आज सर्वांत कमी नुकसानीचे पोकळ धागे बँडगॅपऐवजी पातळ काचेच्या नळ्यांच्या प्रति-अनुनादावर, म्हणजे नळ्यांच्या पातळ भिंती प्रकाश परत आत पाठवतात त्यावर, चालतात, आणि त्यांनी भरीव काचेच्या धाग्यालाही मागे टाकलं आहे.

लेसरमध्ये मात्र फोटॉनिक क्रिस्टलची चढती कमान आहे. साध्या अर्धवाहक लेसरचा पृष्ठभाग मोठा केला की शलाका फुटून बिघडते. नोदा यांच्या गटाने लेसरच्या थराला लागून छिद्रांची जाळी ठेवली, जी प्रकाशाला आडवा फिरवत एका तालात आणते आणि सरळ वर सोडते. २०२३ मध्ये ३ मिलिमीटर व्यासाच्या अशा एका लेसरने सलग ५० वॅट दिले आणि शलाका फक्त ०.०५ अंश पसरली.

गणित करून पाहायचं असेल तर

निषिद्ध पट्टा काढण्यासाठी एमआयटीमध्ये तयार झालेले एमपीबी आणि मीप हे दोन मोफत प्रोग्राम पुरतात. पहिला जाळीच्या एका घरावरून (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत छोट्या भागावरून) पट्ट्यांचा आलेख देतो, दुसरा काळानुसार लाट पुढे सरकवून पोकळी आणि वाटा तपासतो. सुरुवात चौकोनी मांडणीतल्या सिलिकॉनच्या उभ्या कांड्यांनी करावी: त्रिज्या अंतराच्या ०.२ पट, भोवती हवा. यात कांड्यांना समांतर विद्युत क्षेत्राच्या प्रकाशाला रुंद पट्टा दिसतो आणि दुसऱ्या ध्रुवीकरणाला दिसत नाही. उलट निकाल आला तर ध्रुवीकरणाची नावं अदलाबदल झाली आहेत. पुस्तकागणिक ती वेगळी असतात. पापुद्र्याचं गणित दोनच मितींत करायचं असेल तर सिलिकॉनसाठी ३.४८ ऐवजी २२० नॅनोमीटर जाडीचा परिणाम धरून सुमारे २.८ घ्यावा, नाहीतर पट्टा बराच भलत्या जागी येतो. आणि द्विमित गणितातून पोकळीच्या गुणवत्ता घटकाचा आकडा कधीच घेऊ नये, कारण वर-खालची गळती त्यात नसतेच. त्रिमित गणितात पदार्थातल्या एका तरंगलांबीला निदान दहा बिंदू द्यावेत, मग तेच गणित दुप्पट बिंदूंनी पुन्हा करावं. तरंगलांबी हजारातल्या एका भागाहून जास्त सरकली तर गणिताच्या बिंदूंची जाळी अजून बारीक करायला हवी.